बेडूक फोर्क

इंद्रानं माझ्या सायकलीचं हँडल दोन्ही मुठींत धरलं, छातीचा सगळा भार त्यावर टाकला आणि एकदम सोडून दिला. पुढचा फोर्क खाली बसला आणि खाडकन वर उसळला. चहाच्या गाड्यावर बशीत चहा ओतणाऱ्या आजोबांनीसुद्धा मान वळवून पाहिलं.

"बेडूक!" मागून कुणीतरी ओरडलं. मग काय, सगळेच सुरू झाले.

"शलाके, उतारावर न्हाई," इंद्रा म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "सडकेवर चालव, कॉलेजला ने, भाजी आणायला ने. भैरोबाच्या उतारावर ह्यो फोर्क येणार न्हाई."

"मी हळू येतो की, इंद्रादा."

"हळू ये न्हाईतर जोरात ये. ह्यो फोर्क तुटतो."

"कशावरनं?"

नियाज बागवान माझ्या शेजारीच उभा होता, त्यानं मला कोपरानं ढोसलं. इंद्रानं हँडल माझ्या हातात दिलं, "माझ्या भावाच्या पायाला विचार," म्हणाला आणि समोर आलेला चहा तसाच सोडून निघून गेला.

आमच्या कोल्हापूरकडे मुली 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. आता पुण्यात राहून माझी लिहिण्यापुरती सुधारणा झाली आहे, पण त्या दिवसांतलं माझं बोलणं मी तसंच ठेवणार. डोंगराची आणि माणसांची नावं मात्र बदलली आहेत, फोर्कचंही. तसं नावं बदलायची फारशी गरज नव्हती. ज्यानं हे वाचू नये असं मला वाटतं, तो गोष्टी वाचत नाही. सायकलींचे कॅटलॉग तेवढे आवडीनं वाचतो.

ज्यांना फोर्क म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे ते दोन पाय. डोंगरातल्या सायकलीला त्यात स्प्रिंग किंवा हवा असते, म्हणजे खड्ड्याचा दणका आपल्या मनगटांऐवजी तो खातो. महागड्या फोर्कमध्ये तेल असतं, तो दणका गिळून सावकाश वर येतो. स्वस्तातला नुसत्या स्प्रिंगवर चालतो आणि गिळलेलं लगेच परत फेकतो. म्हणून बेडूक. माझ्या सायकलीला होता तो 'झिप्टर', आणि झिप्टरचं नाव घेतलं की आमच्याकडचे झाडून सगळे सायकलवाले नाक मुरडायचे. त्यातल्या बहुतेकांनी तो जन्मात चालवलेला नव्हता. सगळ्यात जोरात नाक मुरडायचे ते त्याच्याहून जेमतेम एक पायरी वरचा फोर्क असलेले. खरोखर भारी फोर्कवाले दोघंतिघं होते, ते बिचारे काही बोलत नसत.

आमची टोळी दर रविवारी सकाळी भैरोबाच्या डोंगराखाली जमायची. नवीन कुणी आलं की नाव-गाव विचारायच्या आधी त्याच्या सायकलीची 'दाब' व्हायची, ती इंद्रानं आत्ता केली तशी. फोर्क सावकाश वर आला तर माणूस उतारावर, उसळला तर माणूस सडकेवर. बेडूक म्हणून चिडवण्यात गंमत होती. पण 'तुटतो' हे गमतीचं नव्हतं, ते बापूंमुळे होतं.

बापू साळोखे म्हणजे इंद्राचे थोरले भाऊ. भैरोबाचा उतार त्यांनीच शोधला, त्यांनीच साफ केला आणि त्यांच्याइतक्या वेगानं तो कुणी उतरला नाही. काही वर्षांपूर्वी याच उतारावर ते पडले. खुबा आणि गुडघा दोन्ही गेले. तेव्हापासून ते एक पाय ओढत चालायचे आणि सायकलीला टांग मारणं कायमचं बंद झालं. त्यांच्या सायकलीला झिप्टर होता. तो भर वेगात तुटला आणि बापू आडवे झाले, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ होती. नियाज तर ती अशी सांगायचा की फोर्क तुटल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला असावा. प्रत्यक्षात तो तेव्हा मिरजेला मावशीकडे होता.

माझी अडचण साधी होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या टोळीची 'उतरण' असायची. वरून खालपर्यंत एकेकानं सुटायचं, वेळ लावायची, आणि त्यातून राज्याच्या शर्यतीला जाणारा संघ ठरायचा. मुलींतून दोघींना नेणार होते. माझं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. पास झाले की चाकणला एखाद्या कंपनीत चिकटायचं, हे घरात ठरलेलं होतं आणि त्यात चूकही काही नव्हती. पण एकदा कंपनीची बस धरायला लागले की डोंगर सुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षी नाही तर कधीच नाही. तो उतार मी चालत इतक्या वेळा चढले-उतरले होते की डोळे मिटून सांगितला असता. आणि चांगला फोर्क घ्यायचा म्हणजे माझ्या अख्ख्या सायकलीहून महाग. तेव्हा उतरायचं तर झिप्टरवर, नाहीतर टाळ्या वाजवत खाली उभं राहायचं.

खंडेनवमीला मी इंद्राच्या दुकानात गेले. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं, स्टँडच्या मागच्या गल्लीत. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडली होती. पान्यांना हळदकुंकू, पंपाला झेंडूची माळ, चाक सरळ करायच्या जुन्या ट्रूइंग स्टँडलासुद्धा आंब्याचा डहाळा. इंद्राच्या आईनं, साळोखेकाकूंनी, पूजा आटपली होती आणि इंद्रा प्रसादाचे पेढे वाटत होता. माणूस खुशीत असताना विषय काढावा असा माझा डाव.

भिंतीवर खिळ्याला एक मोडका फोर्क टांगलेला होता. सगळ्या दुकानात फूल नसलेली ती एकच वस्तू होती. बापूंचा झिप्टर. इंद्रा नव्या पोरांना तो दाखवायचा, "बघून ठेव" एवढंच म्हणायचा.

मी पेढा तोंडात टाकला आणि जवळ जाऊन बघायला लागले. आधी लांबूनच बघितला होता. एक पाय मुळाशी तुटला होता आणि दुसरा वाकला होता. पण वाकला होता तो बाजूला. सायकल चालताना फोर्क मोडला तर तो मागे दुमडतो, सरळ रेषेत, कारण मार समोरून येतो. हा तर कडेनं दाबल्यासारखा दिसत होता. सायकल आधी आडवी पडावी आणि मग दगडावर आपटावी, तसा.

"इंद्रादा, ह्यो आडवा कसा काय वाकलाय?"

"हात लावू नको."

"लावला न्हाई. बघतोय नुसतं. हे पडल्यावर तुटल्यागत दिसतंय."

इंद्रानं पेढ्यांचा डबा खाली ठेवला. "शलाके, तू डिप्लोमा करतीस म्हणून मला शिकवू नको. मी मागं हुतो त्याच्या. माझ्या डोळ्यांदेखत झालं. दवाखान्यात दादानं शुद्धीवर आल्यावर पहिलं काय सांगितलं माहीत हाय? 'फोर्क तुटला रे.' दुसरं कायबी न्हाई, फोर्क तुटला. आता तुला माझ्या भावापेक्षा जास्त कळतंय व्हय?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी फोर्कपासून मागे सरकले. इंद्राचा राग माझ्यावर नव्हता, हे मला दिसत होतं. तो त्या फोर्कवर एखाद्या माणसावर रागवावं तसा रागवायचा. गावात कुणाच्या सायकलीला झिप्टर दिसला की हा पदरचं पेट्रोल जाळून त्याला गाठायचा, जुना का होईना दुसरा फोर्क बसवून द्यायचा आणि काढलेला हातोड्यानं मोडायचा. त्याचं भावावरचं प्रेम त्या हातोड्यात होतं. आम्हाला ते दिसायचं, म्हणून त्याच्यापुढे कुणी तोंड उघडत नव्हतं.

राहिले बापू. त्यांचा शब्द इंद्रा मोडणार नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच डोंगर गाठला.

बापू रोज वर जायचे. काठी टेकत, घमेलं घेऊन. वाटेवर आलेले दगड वेचायचे, पावसानं खणलेल्या चऱ्या मातीनं बुजवायचे. ज्या उतारानं पाय घेतला त्याचीच अशी उस्तवार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी पोचले तेव्हा ते कातळावरच्या वळणापाशी बसून पाणी पीत होते. तिथे वाट उघड्या कातळावरून डावीकडे वळते आणि उजवीकडे खाली ओघळ आहे. ते पडले ती हीच जागा.

"आलीस? सोनं द्यायला आलीस काय?" त्यांनी हसून विचारलं. दसराच होता त्या दिवशी. मी आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली, पाया पडले आणि मग आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. दाब, बेडूक, इंद्रा, चाकण, सगळं.

"आणि बापू, रागावू नका," मी म्हणाले, "पण तुमचा फोर्क मी बघितला. तो आधी तुटला न्हाई. तुम्ही पडल्यावर तुटलाय."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाटलीचं झाकण लावायला त्यांना फार वेळ लागला.

"इंद्राला बोललीस हे?"

"बोललो. लई चिडला."

"चिडणारच." खाली शेतात कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला होता. "लई पोरं परत गेली काय गं असली? बेडूकवाली?"

मी नावं सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता मलाच कळलं की ती यादी मोठी आहे. वडणग्याचे दोन भाऊ, हमालाची पोरगी रुक्साना, माझ्या वर्गातला एक. कुणाला दुसरा फोर्क परवडला नाही, कुणाला इंद्राकडून फुकटचा घ्यायची लाज वाटली. एकदा बेडूक म्हणून घेतलेलं पुन्हा आलं नाही. बापू मान खाली घालून ऐकत राहिले.

"बघतो," एवढंच ते म्हणाले. मी उठले तेव्हा त्यांच्या मुठीत ती आपट्याची पानं पार चुरगळून गेली होती.

रविवारी उतरण होती. सगळे वर माथ्यावर जमले, देवळाच्या पायऱ्यांवर हेल्मेटांची रांग लागली. नियाजनं सगळ्यांच्या पुढ्यात माझं बखोट धरून मला रांगेत उभं केलं होतं. "नाद करायचा न्हाई, उभी ऱ्हा, हाकलल्याशिवाय जायचं न्हाई," असा त्याचा सल्ला. त्याप्रमाणे मी उभी राहिले आणि इंद्रा हाकलायला आला.

"शलाके, आपलं बोलणं झालंय."

"झालंय. पण मी जाणार."

"मी सोडणार न्हाई." त्यानं माझ्या हँडलवर हात ठेवला. "तू पडलीस तर तुझ्या आईबापाला मी काय सांगू? फोर्क माहीत असून सोडली म्हणून सांगू?"

"इंद्रा, सोड तिला."

बापू देवळाच्या मागच्या बाजूनं वर आले होते. धापा टाकत होते. सगळी मुलं बाजूला झाली.

"दादा, झिप्टर हाय तिचा."

"दिसतंय मला. फोर्क चांगला हाय. उसळतो, पण तुटत न्हाई."

"तुझा तुटला की!"

"मी पडल्यावर तुटला," बापू म्हणाले. "आधी मी पडलो."

इंद्राला ते कळलंच नाही. तो हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. "काय बोलतूस?"

"घाबरलो मी. कातळावरचं वळण अंगावर आलं, डावीकडं ओघळ दिसला... उजवीकडं दिसला, आणि पुढचा ब्रेक गच्च दाबला. नवशिकं पोरगं दाबतंय तसा. गेलो आडवा. मग सायकल जाऊन दगडावर पडली आणि फोर्क तुटला."

कुणीतरी खुसखुसलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण बापू साळोखे ब्रेक दाबून पडले हे ऐकायची आमची तयारीच नव्हती. इतकी वर्षं आम्ही ज्यांच्या वेगाच्या गप्पा मारल्या, ते म्हणे घाबरले.

"दवाखान्यात तूच सांगितलंस," इंद्राचा आवाज चिरकला. "तूच म्हणालास, फोर्क तुटला रे."

"लाज वाटली. सगळी पोरं म्हणायची, बापू पडत न्हाई. म्हणून ढकललं फोर्कवर. फोर्क काय उठून सांगतोय थोडाच?"

"आणि मी? मी गावभर फोर्क मोडत फिरलो ते?"

बापू सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आणि एक. आजपासनं शेपूट बंद. कुणी कुणाच्या मागं चिकटून उतरायचं न्हाई. मी ब्रेक दाबला तेव्हा इंद्रा मागं हुता, नशीब म्हणून वाचला. ज्यानं त्यानं आपापलं उतरायचं, दहा हात अंतर सोडून."

शेपूट म्हणजे आमची शिकवायची पद्धत. नवख्यानं मुरलेल्याच्या मागच्या चाकाला चिकटून उतरायचं, नजर त्या चाकावरून हलवायची नाही, तो वळेल तिथे वळायचं. वाट आपोआप पायात बसते. ही पद्धतही बापूंचीच होती.

इंद्रानं माझ्या हँडलवरचा हात काढला. भावाकडे न बघता तो डोंगर चालत उतरायला लागला. त्याची सायकल देवळाच्या भिंतीला तशीच टेकलेली राहिली.

मी उतरले. झिप्टरनं मला पहिल्या टप्प्यातच दोनदा हवेत फेकलं. मग मी त्याच्याशी भांडणं सोडून दिलं, कोपरं सैल केली, गुडघे सैल केले आणि त्याला हवं तसं उड्या मारू दिलं. कातळावरच्या वळणावर वाट इतकी स्वच्छ होती की चाक जरासुद्धा सरकलं नाही. खाली पोचले तेव्हा माझे तळहात सोलवटले होते आणि मी वेड्यासारखी हसत होते. मुलींत दुसरी आले. नियाजनं मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघं धुळीत पडलो.

त्या आठवड्यात गावातल्या बोलण्याची दिशाच बदलली. झिप्टर वाईट नाही, पैशाच्या मानानं ठीक आहे, पोरीनं उतरून दाखवलं, असं तेच लोक बोलायला लागले जे आधी नाक मुरडत होते. वडणग्याचे भाऊ परत आले. आणि बापूंची टवाळी सुरू झाली. कुणी वळणावर हळू झालं की मागचे ओरडायचे, "बापू झाला काय रे?" एका माणसाचं नाव उतरलं आणि एका फोर्कचं चढलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण तो काही केल्या होईना.

मी इंद्राच्या दुकानात गेले. भिंतीवरचा खिळा रिकामा होता. इंद्रा एक चाक सरळ करत बसला होता, आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागला. तो जणू ते बोलायला माणूसच शोधत होता.

"खोटं बोलला माझ्याशी. इतकी वर्षं! जगाशी बोल की खोटं, मी काय म्हणणार न्हाई. मी भाऊ हाय त्याचा. त्याची बेडपॅन उचलली मी, शलाके. शाळा सुटली माझी, दुकान घातलं, का? तर असला फोर्क दुसऱ्या कुणाच्या बोकांडी बसू नये म्हणून. आणि ह्यो घाबरला हुता!" त्यानं स्पोकची चावी आपटली. "मी सोळा वर्षाचा हुतो. त्याचं शेपूट धरलेलं. त्याच वळणावर माझ्या पुढच्या चाकालापण दगडाचा दणका बसला, चांगला जोरात. मी दाबला काय ब्रेक? सावरलो की न्हाई? आणि तो, बापू साळोखे, त्यानं दाबला!"

"दगड?" मी विचारलं.

"दगडच की. धुरळ्यात दिसला न्हाई, पण दणका हातापर्यंत आला."

मी काहीतरी कारण काढून निघाले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला थांबावं लागलं. कातळावरच्या त्या वळणावर दगड नसतो. तिथे नुसता उघडा कातळ आहे, वरून एखादा खडा आला तरी घरंगळून ओघळात जातो, आणि वाट तेव्हाही बापूच साफ ठेवायचे. बापूंच्या मागच्या चाकाला चिकटून उतरणाऱ्या पोराच्या पुढच्या चाकाला दणका बसला, तो दुसऱ्या कशाचा असणार? वळताना मागचं चाक हलकं असतं. त्याला मागून नुसता धक्का लागला तरी ते सुटतं आणि सायकल आडवी जाते.

बापू वरच होते. माझी चाहूल लागली तरी दगड वेचायचे थांबले नाहीत.

"बापू, दगड नव्हता ना?"

"कुठला?"

"इंद्रादा म्हणतो, ह्या वळणावर त्याच्या चाकाला दगड लागला."

बापू सावकाश काठीवर रेलले. 

"त्याला दगडच वाटला," ते म्हणाले. "धुरळा लई हुता."

"तुम्ही घाबरला नव्हता."

"न्हाई."

"त्याचं चाक तुमच्या चाकाला लागलं."

"सोळा वर्षाचं पोरगं, शलाके. मीच सांगितलेलं, माझ्या चाकावरनं नजर काढायची न्हाई, अंतर सोडायचं न्हाई. त्यानं सांगितलं तेच केलं. त्यात त्याची काय चूक?"

"मग तसंच सांगा की त्याला! चूक माझी हुती म्हणून सांगा, पण खरं सांगा. तो घरात तुमच्याशी बोलत न्हाई म्हणे."

"बोलत न्हाई. मी जेवायला बसलो की ताट घेऊन उठतो. आईचा जीव खालीवर होतो."

"मग कशाला ते? मी सांगू काय?"

तेव्हा बापूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा राग आला नव्हता, पण मला एकदम माझाच आवाज मोठा झाल्यासारखं वाटलं.

"राग आलाय त्याला. माझा राग आलाय," ते म्हणाले. "राग जातो. आज न्हाई जाणार, दिवाळीला जाईल, पुढच्या वर्षी जाईल. पण माझ्या पायाकडं बघून त्याला एकदा कळलं, की हे माझ्यामुळं, तर ते कुठं जाणार? मला रोज त्याच्यासमोर चालायचं हाय."

त्यांनी घमेलं उचललं. मी त्यांच्या हातातून ते घ्यायला गेले तर देईनात.

उतरताना मला दुकानावरूनच जावं लागत होतं. मान खाली घालून पुढे सटकावं असा माझा विचार होता, पण इंद्रानं हाक मारली. तो हात पुसत बाहेर आला.

"वर गेलतीस?"

"व्हय."

"तो हाय वर?"

"हायत. दगड वेचत्यात."

इंद्रानं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. आभाळाकडे बघितलं. आभाळ भरून आलं होतं, परतीचा पाऊस अजून संपला नव्हता.

"असल्या हवेत दुखतो त्याचा पाय. म्हणाला काय, दुखतोय म्हणून?"

"न्हाई म्हणाले काही."

"म्हणणार न्हाई. खोटारडा हाय." त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मोटरसायकलची किल्ली घेतली आणि डोंगराच्या दिशेला तोंड करून गाडीला किक मारली. "एक नंबरचा खोटारडा हाय, शलाके."

मी त्याच्याकडे बघून मान डोलावली.

"व्हय," मी म्हणाले. "हायतच खोटारडे."